चुन्याच्या डबीतले रसायन

लहान मुलाच्या दृष्टीने पांढरी वस्तू ही केवळ पांढरी वस्तू असते. अंड्याचे टरफल पांढरे, आजोबांच्या पानाच्या तबकातील चुना पांढरा आणि सफेदीसाठी भट्टीवरून आणलेली कळीच्या चुन्याची ढेकळेही पांढरीच. परंतु टरफल दिवसभर हातात ठेवले तरी काही होत नाही. तबकातील चुना बोटाला फार वेळ राहिला तर कातडी चुरचुरू लागते. आणि कळीचे ढेकूळ पाण्यात पडताच तडकते, फुगते आणि वाफा सोडू लागते. रंग एक, पण स्वभाव तीन. त्यात आणखी एक नवल असे की, या तिन्ही वस्तू एकाच कुळातील असून एकीपासून दुसरी आणि दुसरीपासून तिसरी तयार होते. इतकेच नव्हे, तर तिसरीपासून पुन्हा पहिली मिळते.

हा फरक कोठून येतो, हे सांगणे रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याचे काम होय. शाळेत मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, रासायनिक बदल हे शब्द एकापाठोपाठ एक येतात. त्यांच्या व्याख्या पाठ केल्या जातात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि पुष्कळदा परीक्षेबरोबरच विस्मरणात जातात. पाणी हे हायड्रोजन व प्राणवायू यांचे संयुग आहे, हे नेहमीचे उदाहरण खरे आहे. परंतु ते दोन्ही वायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा संयोग घडवून दाखविणे वर्गात धोक्याचे असते. विद्यार्थ्याला त्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. चुन्याचे तसे नाही. त्याचा जन्म, त्याची रूपांतरे आणि त्याचे मूळपदावर येणे हे सर्व घरातल्या, गावातल्या आणि भिंतीवरच्या गोष्टींतून समजून घेता येते.

प्रथम मिश्रण म्हणजे काय ते पाहावे. दिवाळीच्या चिवड्यात पोहे, शेंगदाणे, डाळे आणि खोबऱ्याचे काप असतात. ते कितीही ढवळले तरी शेंगदाणा शेंगदाणाच राहतो. तो वेचून काढता येतो आणि त्याची चवही बदलत नाही. शेंगदाणे एका घरी मूठभर पडतील, दुसऱ्या घरी दोन मुठी पडतील, दोन्ही चिवडेच. वाळूत मीठ मिसळले तरी तीच गोष्ट. पाणी घालून मीठ विरघळवावे, वाळू गाळून काढावी, पाणी आटवावे; मीठ जसेच्या तसे परत मिळते. मिश्रणाची लक्षणे ही दोन: घटकांचे गुण कायम राहतात आणि त्यांचे प्रमाण वाटेल तसे बदलता येते.

आता चुन्याचा दगड घ्यावा. शुद्ध स्वरूपात त्याला रसायनशास्त्रात कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. त्यात तीन मूलद्रव्ये आहेत: कॅल्शियम, कार्बन आणि प्राणवायू. कॅल्शियम हा चंदेरी धातू असून पाण्यात टाकल्यास त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागतात. कार्बन म्हणजे कोळशाचे मूलद्रव्य, काळे आणि जळणारे. प्राणवायू तर श्वासातून आत जाणारा आणि प्रत्येक ज्वालेला पोसणारा वायू. परंतु चुन्याच्या दगडात धातूची चकाकी नाही, कोळशाचा काळेपणा नाही आणि ज्वालेला साह्य करण्याची प्रवृत्तीही नाही. भिंगातून पाहून त्यातील कोळशाचे कण वेचता येत नाहीत. तीन घटक असे काही बांधले गेले आहेत की प्रत्येकाचा पूर्वस्वभाव लोपून एक चौथीच वस्तू निर्माण झाली आहे. या चौथ्या वस्तूला संयुग म्हणतात.

संयुगाचे दुसरे लक्षण त्याहून महत्त्वाचे आहे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 40 ग्रॅम कॅल्शियम, 12 ग्रॅम कार्बन आणि 48 ग्रॅम प्राणवायू असतो. हे प्रमाण कोणाच्या लहरीवर अवलंबून नाही. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर असो, गोव्याच्या किनाऱ्यावरील शिंपला असो की अंड्याचे टरफल असो, त्यांतील कॅल्शियम कार्बोनेट तेवढे वेगळे काढून तपासले तर हाच हिशोब येतो. फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ लुई प्रूस्त याने 1799 मध्ये तांब्याच्या कार्बोनेटची परीक्षा करून दाखविले की, निसर्गात सापडणारे आणि प्रयोगशाळेत बनविलेले संयुग यांच्या घटकांचे प्रमाण एकच असते. चिवड्याची कृती घराघरांत बदलते. संयुगाची कृती बदलत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. हैदराबादपासून सोलापूरपर्यंतच्या घरांत अंथरलेली शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडकाचीच असते. पण ती पांढरीशुभ्र नसते, कारण त्या दगडात चिकणमाती आणि इतर द्रव्येही मिसळलेली असतात. दख्खनच्या काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचीही हीच स्थिती. म्हणजे दगड हे मिश्रण होय आणि त्यातील मुख्य घटक हे संयुग होय. जगातल्या बहुतेक वस्तू अशाच अनेक संयुगांची मिश्रणे असतात. पुस्तकातील शुद्ध संयुग बाटलीबाहेर क्वचितच एकटे भेटते.

बदलही दोन प्रकारचे असतात. शहाबादी फरशीचा तुकडा खलात कुटून त्याचे पीठ केले, तर आकार गेला, पण द्रव्य गेले नाही. फरशीवर लिंबाचा रस सांडला असता बारीक बुडबुडे येतात आणि तेवढी जागा निस्तेज होते. त्या पिठावर लिंबू पिळले तरी तसेच बुडबुडे येतात. कुटण्याने वस्तूची ओळख बदलली नाही, म्हणून हा भौतिक बदल. बर्फ वितळून पाणी होणे, पाण्याची वाफ होणे, साखर पाण्यात विरघळणे, हे सर्व याच जातीचे. परंतु लिंबाच्या रसाने उठलेले ते बुडबुडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. तेथे एक नवा वायू जन्माला आलेला आहे आणि दगडाचा काही भाग दगड राहिलेला नाही. नवे द्रव्य निर्माण होणे, हीच रासायनिक बदलाची खूण.

हाच बदल मोठ्या प्रमाणावर चुन्याच्या भट्टीत होतो. मध्य प्रदेशातील कटनीचा परिसर चुनखडकाबद्दल आणि चुन्याबद्दल प्रसिद्ध आहे. गोव्यात आणि कोकणच्या किनाऱ्यावर दगडाऐवजी शिंपल्यांची व कालवांची कवचे जाळून चुना करण्याची पद्धत होती आणि चिऱ्यांच्या घरांच्या भिंती त्याच चुन्याने लिंपल्या जात. भट्टीत दगड आणि इंधन यांचे थर रचून आग लावतात. उष्णता सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत पोचली की दगड जळत नाही, वितळतही नाही. तो फुटून दोन संयुगे होतात. एक घन, जे भट्टीत उरते, तो कळीचा चुना किंवा कॅल्शियम ऑक्साइड. दुसरा वायू, जो धुराबरोबर निघून जातो, तो कार्बन डायऑक्साइड. भट्टीतून निघालेले ढेकूळ पाहावयास पूर्वीच्या दगडासारखेच दिसते. हातात घेतल्यावर मात्र ते चमत्कारिकरीत्या हलके लागते. 100 किलो शुद्ध चुनखडकापासून अवघा 56 किलो कळीचा चुना मिळतो.

उरलेले 44 किलो गेले कोठे? हा प्रश्न आज सोपा वाटतो. पण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो विचारण्याचे भान फारच थोड्यांना होते. त्या काळची समजूत अशी होती की, दगड भट्टीत असताना आगीचे काही अंश शोषून घेतो आणि म्हणूनच कळीचा चुना कातडीला भाजतो व पाणी पडताच तापतो. ही समजूत वरवर पाहता किती पटण्यासारखी आहे! आगीतून आलेली वस्तू आगीसारखी वागते, यात नवल ते काय?

ती समजूत तराजूने मोडली. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जोसेफ ब्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. मूतखड्यावर चुन्याचे पाणी देण्याचा उपचार त्या वेळी चर्चेत होता आणि त्याच्या गुरुजनांत चुन्याच्या गुणांविषयी वाद चालू होता. ब्लॅकने 1754 मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि 1756 मध्ये त्याचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याने 120 ग्रेन खडू, म्हणजे नैसर्गिक कॅल्शियम कार्बोनेट, भाजून त्याचा चुना केला, तेव्हा त्याचे वजन 68 ग्रेन भरले. आगीचे काही आत शिरले असते तर वजन घटण्याचे कारण नव्हते. पुढे तो चुना त्याने सौम्य क्षाराच्या द्रावणात टाकला. क्षारातील बद्ध वायू चुन्याने घेतला आणि धुऊन वाळविलेली भुकटी 118 ग्रेन भरली. खडू जवळजवळ संपूर्ण परत मिळाला होता. चुना भट्टीतून काही घेऊन येत नाही, उलट काही तरी सोडून येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्या सुटलेल्या वायूला ब्लॅकने ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव दिले. कोळसा जळताना, दारूचे आंबवण होताना आणि माणसाच्या उच्छ्वासातूनही हाच वायू बाहेर पडतो, हेही त्याने ओळखले.

तरीदेखील चुना स्वतः संयुग आहे की मूलद्रव्य, हे कोडे उरलेच होते. लाव्हाझिए याने 1789 मध्ये मूलद्रव्यांची जी यादी प्रसिद्ध केली तीत चुन्याचा समावेश केला होता; मात्र त्यात एखादा धातू दडलेला असावा अशी शंकाही त्याने नोंदविली होती. ती शंका खरी ठरविण्यास 1808 साल उजाडावे लागले. त्या वर्षी हम्फ्री डेव्ही याने विजेच्या प्रवाहाच्या साह्याने चुन्यातून कॅल्शियम धातू वेगळा केला. शतकानुशतके ज्याने घरे बांधली त्या चुन्यात धातू आहे, हे जगाला असे उशिरा कळले.

आता कळीच्या चुन्याकडे पुन्हा वळावे. त्यावर पाणी पडले की ढेकूळ तडे जाऊन फुलते, त्याची फक्की होते आणि इतकी उष्णता सुटते की पाणी उकळू लागते. एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यातून निघणारी उष्णता सगळी वापरता आली, तर तीन लिटर साधे पाणी उकळीला आणण्यास पुरेल. चुना विरवणे म्हणतात ते हेच. येथे पाणी चुन्यात नुसते मुरत नाही. ते त्याच्याशी संयोग पावते. 56 किलो कळीचा चुना 18 किलो पाणी बांधून घेतो आणि 74 किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. 18 किलो पाणी पिऊनही ती भुकटी कोरडी ठणठणीत असते. कापड पाण्यात भिजले तर पिळता येते. हे पाणी पिळून निघत नाही, कारण ते आता पाणी राहिलेलेच नाही.

आगीविषयीच्या जुन्या समजुतीत सत्याचा एक कण होता, तो येथे दिसतो. दगड फोडण्यासाठी भट्टीत उष्णता खर्ची पडते. त्या खर्चापैकी एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता चुना विरवताना परत मिळते. उरलेली पुढे भिंतीवर, इतक्या सावकाश की कोणाच्या हाताला जाणवत नाही. म्हणजे चुन्यात आगीचे द्रव्य शिरत नाही. परंतु आगीने केलेल्या कामाचा हिशोब मात्र त्यात राहतो. द्रव्याचा हिशोब वजनाने आणि ऊर्जेचा हिशोब उष्णतेने करावयाचा, हे रसायनशास्त्राचे दोन जमाखर्च होत.

विरलेला चुना पुष्कळ पाण्यात ढवळून ठेवला आणि गाळ बसू दिला की वर स्वच्छ पाणी राहते. तीच चुन्याची निवळी. दिसावयास ती साधे पाणी. पण तिच्यात नळीने फुंकर घातली की ती दुधासारखी गढूळ होते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडशी विरलेल्या चुन्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. भट्टीने जो दगड फोडला होता, तो मुलाच्या फुंकरीने पुन्हा सांधला जातो! फुंकर फार वेळ चालू ठेवली तर गढूळपणा नाहीसा होतो, कारण अधिक वायू मिळाल्याने दुसरे, पाण्यात विरघळणारे संयुग तयार होते. आणि ते पाणी उकळले की गढूळपणा परत येतो. जड पाण्याच्या भांड्यात तळाशी बसणारा पांढरा थर आणि आंध्र प्रदेशातील बोरा गुहांच्या छतापासून लोंबणारे दगडी झुंबर यांच्या मुळाशी हीच घडामोड आहे.

भिंतीचा गिलावाही असाच घट्ट होतो. लोक म्हणतात, चुना वाळला. वाळणे ही त्यातील अर्धीच गोष्ट. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेऊन विरलेला चुना पुन्हा दगड होत असतो. 74 भाग विरलेला चुना आणि 44 भाग वायू मिळून 100 भाग कॅल्शियम कार्बोनेट आणि 18 भाग पाणी होते. त्या वायूचे हवेतील प्रमाण अगदी अल्प, दहा हजार भागांत सुमारे चार भाग, म्हणून जाड गिलाव्याला आतपर्यंत दगड होण्यास वर्षे लागतात. पानवाला आपल्या मडक्यातील चुन्यावर पाण्याचा थर ठेवतो, त्याचेही मर्म येथेच आहे. हवा थेट लागू दिली नाही की चुना सुकत नाही आणि लवकर दगडावतही नाही.

आता सगळा जमाखर्च एका ओळीत मांडता येतो. 100 मधून 44 गेले, 56 राहिले. त्यात 18 मिळाले, 74 झाले. त्यात 44 आले, 18 गेले आणि पुन्हा 100 झाले. कोठेही एक मासा हरवला नाही, कोठेही एक मासा शून्यातून आला नाही. अणू तेच, त्यांच्या जोड्या तेवढ्या बदलल्या. रासायनिक बदलाचे सार यापेक्षा निराळे नाही.

या वर्तुळातून एक प्रचलित गैरसमजही दूर होतो. भौतिक बदल उलटता येतो आणि रासायनिक बदल उलटत नाही, असे पुष्कळ विद्यार्थी घोकतात. वस्तुतः दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तरी दळणे हा भौतिक बदल आहे. आणि दगडाचा चुना व चुन्याचा दगड होतो, तरी ते दोन्ही बदल रासायनिक आहेत. रंग, बुडबुडे, उष्णता, प्रकाश ही लक्षणेसुद्धा साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. येथे रंगाची साक्ष खरी. परंतु पाण्यात शाईचा थेंब टाकल्यावर सारे पाणी निळे होते, तेथे नवे द्रव्य निर्माण झालेले नसते. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्यातील तार तापून प्रकाश देते, पण तारच राहते. म्हणून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: पूर्वी नव्हते असे द्रव्य आता तयार झाले आहे काय?

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. तंबाखूबरोबर खाण्याचा चुना हल्ली लहान प्लास्टिकच्या पुड्यांत आणि नळ्यांत विकला जातो. घरात पडलेली अशी पुडी मुलाच्या हाती लागते. ते खेळता खेळता ती दाबते, पुडी फुटते आणि चुन्याची पिचकारी थेट डोळ्यात जाते. अशा अपघातांत मुलांची दृष्टी गेल्याच्या नोंदी भारतातील नेत्रतज्ज्ञांनी वेळोवेळी केल्या आहेत. घरच्यांना तो चुना म्हणजे नेहमीचा खाण्यातला पदार्थ वाटतो, आणि अंड्याचे टरफल व भिंतीचा पोपडा ज्या जातीचा, त्याच जातीचा तोही समजला जातो. परंतु टरफलात आहे ते कॅल्शियम कार्बोनेट; पुडीत आहे ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पांढरेपणा एक असला तरी दुसरे द्रव्य तीव्र अल्कली आहे. तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून साबण होतो, हे सर्वश्रुत आहे. डोळ्यातील पेशींच्या आवरणातही स्निग्ध द्रव्ये असतात. अल्कलीने त्यांचाच जणू साबण होऊ लागतो, प्रथिने विरतात आणि दाहक द्रव्य आत आत शिरते. त्यातच चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि पुनःपुन्हा अल्कली सोडत राहतात.

अशा वेळी पहिला क्षण फार मोलाचा असतो. डोळा चोळू देऊ नये. पापण्या उघड्या धरून जे स्वच्छ पाणी जवळ असेल त्याच्या संथ धारेने लगेच डोळा धुण्यास आरंभ करावा आणि किमान अर्धा तास तो धूत राहावा. त्यानंतर विलंब न लावता नेत्रचिकित्सकाकडे न्यावे. पापणी उलटून आत अडकलेला चुना काढणे हे त्यांचे काम. तूप, दूध, गुलाबपाणी यांच्या शोधात वेळ दवडू नये. येथे हुशार विद्यार्थ्याच्या मनात एक विचार येण्याचा संभव आहे: लिंबाने हळदीचा लाल रंग पालटतो, मग लिंबाचा रस डोळ्यातल्या चुन्यालाही निष्प्रभ का करणार नाही? कागदावर तर्क बरोबर आहे. डोळ्यावर तो घातक आहे. आम्लाची इजा वेगळी, संयोगात सुटणारी उष्णता वेगळी, आणि प्रमाण मोजण्यास तेथे तराजू नसतो. पाणी चुना पातळ करते व वाहून नेते, आणि तेवढेच हवे असते. कळीच्या चुन्याची कोरडी फक्की अंगावर पडली असेल तर मात्र आधी ती झटकून टाकावी आणि मग भरपूर पाणी वापरावे. थोडे पाणी तापवते, भरपूर पाणी निववते. कळीचा चुना विरवणाऱ्या प्रौढांनीही चुना थोडा थोडा करून पाण्यात सोडावा, चुन्याच्या राशीवर पाणी ओतू नये, आणि मुलांना दूर ठेवावे.

वर्गात हा विषय शिकविण्यासाठी कळीचा चुना लागत नाही. अंड्याच्या टरफलाचे तुकडे काचेच्या पेल्यात घेऊन त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा, बुडबुडे दिसतील. पेला, रस आणि टरफल यांचे वजन आधी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. सूक्ष्म वजनकाटा असेल तर थोडी तूट आढळेल, आणि ती का आली हे मुलांनाच सांगू द्यावे. पेल्यातले पाणीही उडून गेलेले असू शकते, ही शंका एखाद्या मुलाने काढली तर तिचे कौतुक करावे आणि नुसत्या रसाचा दुसरा पेला शेजारी ठेवून ती तपासावी. चुन्याची निवळी शिक्षकांनी आधी करून आणावी; डोळ्यांना चष्मा असावा; नळीतून फुंकावे, कधीही ओढू नये. शाळेतील फळ्याचा खडू या प्रयोगात बहुधा दगा देतो, कारण तो पुष्कळदा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियमच्याच पण निराळ्या संयुगाचा असतो. त्यावर लिंबू पिळूनही बुडबुडे आले नाहीत, तर प्रयोग फसला असे न मानता एक नवी गोष्ट कळली असे मानावे.

ज्या मुलाने ही परीक्षा एकदा स्वतः केली, त्याला संयुगाची व्याख्या शब्दशः आठवली नाही तरी फारसे बिघडत नाही. पांढरे दिसते म्हणून एक मानावयाचे नाही, आतली बांधणी काय आहे ते विचारावयाचे, ही सवय त्याला लागलेली असते. तेच मूल घरी गेल्यावर तंबाखूच्या डबीशेजारची ती चिमुकली पुडी उचलून, धाकट्या भावंडाचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवील, तेव्हा रसायनशास्त्राचा पहिला धडा त्याला समजला असे खुशाल समजावे.